नो नाट्याची रेशमी वस्त्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या नो रंगभूमीवरच्या कपड्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांचे आहेत. ज्यांनी एखादा प्रयोग पाहिला आहे त्यांनी थेट सातव्या प्रश्नापासून वाचायला हरकत नाही.

१. नो म्हणजे नक्की काय? आणि हे भरजरी कपडे पहिल्यापासून होते का?

नो हे मुखवटे, गायन, बासरी-ढोलक आणि अतिशय संथ नृत्य यांचं नाट्य. चौदाव्या शतकात कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी त्याला आजचं रूप दिलं. १३७० च्या दशकात शोगुन (लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमित्सुने या बापलेकांचा खेळ पाहिला, पोराला आश्रय दिला आणि गावजत्रेतली ही कला दरबारात आली. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ती २००८ पासून आहे.

कपडे मात्र सुरुवातीला बरेच साधे होते. श्रीमंती आली ती आश्रयदात्यांच्या अंगावरून, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. प्रयोग आवडला की सरदार मंडळी अंगातलं उंची वस्त्र उतरवून नटाला बक्षीस देत. नट ते पुढच्या खेळात घालत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीला नोचं इतकं वेड लागलं की १५९३ मध्ये सम्राटाच्या वाड्यात तो स्वतः भूमिका करायला उभा राहिला. त्याच्यानंतर आलेल्या तोकुगावा राजवटीने नोला दरबारी समारंभाची कला ठरवलं. मग प्रत्येक मोठ्या सरदार घराण्याला आपला वस्त्रसंग्रह हवासा झाला. आज संग्रहालयांत दिसणारे बहुतेक उत्तम नमुने या अडीचशे वर्षांतले आहेत.

२. इतकी नावं ऐकू येतात की गोंधळ होतो. निदान मुख्य प्रकार कसे लक्षात ठेवायचे?

बाही बघा. बाहीचं तोंड मनगटाशी अरुंद असेल तर ते वस्त्र ‘कोसोदे’ घराण्यातलं. काराओरी, अत्सुइता, नुइहाकु, सुरिहाकु आणि नोशिमे हे सगळे त्यात येतात. बाही पूर्ण उघडी, रुंद लोंबती असेल तर ‘ओसोदे’ घराणं. त्यात चोकेन, माइगिनु, कारिगिनु, हाप्पी, मिझुगोरोमो येतात आणि ती सहसा सर्वांत वर घातली जातात. तिसरा गट घेरदार, चुण्यांच्या पायजम्यांचा. साधी ‘ओकुची’ एकरंगी असते आणि तिची मागची बाजू जाड दोऱ्यांच्या विणीने फळीसारखी ताठ केलेली असते. ‘हान्गिरी’वर सोनेरी ढोबळ नक्षी असते आणि ती राक्षस, देव, योद्धे यांच्यासाठी.

बाकीची नावं पाठ करायची गरज नाही. एक प्रयोग पाहिला की अर्धी आपोआप डोक्यात बसतात.

३. काराओरीवरची फुलं उठून दिसतात. ते भरतकाम आहे ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि फसणारे एकटे तुम्ही नाही. दोन हात अंतरावरून काराओरी कुणालाही भरतकामच वाटते.

प्रत्यक्षात सगळी नक्षी मागावर विणली जाते. पाया तिरप्या विणीचा, घट्ट आणि काहीसा ताठ. त्यावर नक्षीसाठी वेगळा, जादा बाणा (आडवा धागा) घातला जातो: जाड, चमकदार आणि जवळजवळ पीळ नसलेलं रंगीत रेशीम. हा धागा ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) प्रत्येक दोऱ्याखाली जात नाही. तो बऱ्याच दोऱ्यांवरून मोकळा तरंगत जातो आणि मग कुठेतरी अडकवला जातो. पीळ नसल्यामुळे तो पसरतो, फुगतो आणि पाकळीला गुबगुबीतपणा येतो. सोबत सोनेरी पट्टीचे धागे (प्रश्न ५ पाहा) बहुधा पार्श्वभूमीतली जाळी, ढग किंवा लाटा विणतात.

आता खरी मजा. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे काम ज्या मागावर होई त्याच्या माथ्यावर एक माणूस बसलेला असे. खालचा विणकर सांगेल तसे तो ताण्याचे गुच्छ ओढे आणि नक्षीची वाट उघडे. म्हणजे नक्षीचा आकार ठरलेला, तो पुन्हा पुन्हा येणार. पण त्या आकारात कोणत्या रंगाची कांडी घालायची ते खालच्या विणकराच्या हातात. म्हणून चांगल्या काराओरीत एकच शेवंती दहा ठिकाणी असते आणि दहाही ठिकाणी तिचे रंग निराळे असतात. आकार ओळखीचा वाटतो, पण डोळ्याला पुनरावृत्ती सापडत नाही. माझ्या मते काराओरीची सगळी करामत इथे आहे. सोन्याचं कौतुक उगाच जास्त होतं.

पायाचा रंगही कधी चौकटी-चौकटींनी बदलतो: लाल, पांढरा, पुन्हा लाल. हे तुकडे जोडलेले नसतात. विणण्याआधीच ताण्याचे दोरे ठराविक अंतरावर बांधून रंगवलेले असतात.

४. मग ही आपल्या पैठणीसारखीच झाली की!

रेशीम, जर आणि हातमाग एवढंच साम्य. पैठणीच्या पदरात रंगीत बाणा हाच कापडाचा बाणा असतो. प्रत्येक रंग आपल्या हद्दीपुरता जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि परततो. त्यामुळे पदर उलटसुलट सारखाच दिसतो आणि नक्षी कापडाच्या पातळीतच राहते. काराओरीत पाया वेगळा आणि नक्षीचा बाणा वेगळा. नक्षी पायाच्या वर उठते आणि मागची बाजू पुढच्यासारखी नसते. शिवाय पैठणी अंगाभोवती चापूनचोपून बसावी लागते, काराओरी अंगापासून लांब उभी राहावी लागते. त्याचं कारण नवव्या प्रश्नात आहे.

५. जर खऱ्या सोन्याची असते का?

सोनं खरं, पण तार नाही. जपानी हातकागदावर लाखेच्या चिकटीने सोन्याचा वर्ख लावतात आणि मग तो कागद अगदी बारीक पट्ट्यांत कापतात. ती पट्टी एकेक करून, पिळू न देता, बाण्यात सरकवतात. रेशमी दोऱ्याभोवती अशी पट्टी गुंडाळून केलेला धागाही वापरात आहे. जपानमधला जवळजवळ सगळा वर्ख आजही कानाझावा शहरात कुटला जातो.

सपाट पट्टी प्रकाश एका अंगाने परतवते. नट किंचित वळला की एखादा भाग अचानक पेटतो आणि दुसरा विझतो. विजेच्या सरसकट उजेडात हे कमी कळतं. मशालींच्या उजेडात होणारा प्रयोग पाहायची संधी मिळाली तर सोडू नका.

६. नुइहाकु आणि सुरिहाकु यांत फरक काय?

दोन्हींत ‘हाकु’ म्हणजे वर्ख आहे. कापडावर साच्यातून खळ लावतात, तिच्यावर वर्ख दाबतात आणि उरलेला झटकून टाकतात. सुरिहाकुवर एवढंच काम असतं. ते स्त्री-भूमिकांत आतून घालतात आणि बाहेर सहसा फक्त गळ्यापाशी दिसतं. नुइहाकुवर वर्खाच्या जोडीला भरतकामही असतं. म्हणजे तिसऱ्या प्रश्नातलं तुमचं उत्तर या वस्त्राच्या बाबतीत बरोबर ठरलं असतं.

७. कपड्यावरून पात्र ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. पहिली खूण लाल रंग. काराओरीत लाल असेल तर ती ‘इरोइरी’, म्हणजे तरुण स्त्री. लाल अजिबात नसेल तर ‘इरोनाशी’, म्हणजे मध्यमवयीन किंवा वृद्ध स्त्री. मुखवटा दिसण्याआधी, पडद्यातून बाही बाहेर आली की जाणत्या प्रेक्षकाला वय कळतं.

हा लाल रंग पूर्वी करडईच्या फुलांतून काढत. आपल्याकडे मराठवाड्यात आणि सोलापूरकडे तेलासाठी पिकते तीच करडई. जपानमध्ये यामागाता भाग तिच्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. फुलांतला पिवळा आधी धुऊन काढायचा आणि मग लाल मिळवायचा, असं ते किचकट काम. हा रंग उजेडात झपाट्याने उडतो. त्यामुळे जुन्या वस्त्रांचा आजचा फिकट गुलाबी पाहून ‘काय संयमित रंगसंगती!’ असं म्हणू नये. मूळ रंग चांगलाच भडक असू शकतो. दुमडीच्या आत बघायला मिळालं तर खात्री पटेल.

दुसरी खूण गळपट्टी. पांढरी सर्वांत मानाची, पोरवयाला लाल, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि सामान्य माणसांना फिकट निळी किंवा तपकिरी. तिसरी खूण कापडाचा पोत. अत्सुइता जाड, चौकडीची किंवा भूमितीय नक्षीची, मुख्यतः पुरुषपात्रांसाठी. चोकेन जाळीदार आणि हलकं, नाचणाऱ्या स्त्रियांसाठी.

पण इथेच अपवाद येतो. तायरा घराण्याचे कोवळे योद्धे, उदाहरणार्थ आत्सुमोरी किंवा कियोत्सुने, हे चोकेनच घालतात. फक्त उजवी बाही उतरवलेली असते, शस्त्र चालवायला मोकळी. तलवारीपेक्षा बासरीसाठी लक्षात राहिलेला आत्सुमोरी जाळीच्या वस्त्रात दिसावा, हे मला अगदी योग्य वाटतं.

८. प्रत्येक नक्षीला ठरावीक अर्थ असतो का? एखादी यादी मिळेल का?

यादी करता येईल, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. बहुतेक नक्ष्या अर्थापेक्षा ऋतू आणि वातावरण सांगतात. शरदातली गवतं म्हणजे एकाकीपणा आणि सरता काळ. बर्फ साचलेला विलो, पाण्यात अर्धी बुडालेली रथाची चाकं, पंखे, कवितेच्या चिठ्ठ्या हे सगळं दरबारी साहित्याची आठवण देतं. षटकोनी जाळी, विजेच्या नागमोडी रेघा, सिंह, ड्रॅगन हे जोरकस पुरुष किंवा अतिमानवी पात्रांकडे जातं.

एक नक्षी मात्र पक्की: ‘उरोको’, म्हणजे त्रिकोणांचे खवले. सूडाने पेटलेल्या स्त्रीसाठी. ‘दोजोजी’मध्ये शितेने (मुख्य नटाने) सुंदर काराओरीच्या आत पहिल्यापासून खवल्यांचं सुरिहाकु घातलेलं असतं. पूर्वार्धात ती फक्त एक नर्तकी वाटते. गळ्याशी चमकणारे ते त्रिकोण ज्याला दिसले त्याला पुढचं सगळं आधीच कळलेलं असतं. पुढे ती मोठ्या घंटेखाली शिरते, नट आत एकटाच, अंधारात, मुखवटा आणि कपडे बदलतो आणि घंटा उचलल्यावर नागीण बाहेर येते.

९. नट एवढे जाडजूड का दिसतात? आणि एकच वस्त्र दर वेळी वेगळं का वाटतं?

जाडी मुद्दाम आणलेली आहे. सर्वांत आत कापूस भरलेलं बंडीसारखं वस्त्र असतं. ते घाम शोषतं आणि शरीराचा आकारही पुसून टाकतं. वर थरावर थर. नोमध्ये खांदे, कंबर, नितंब दिसायचे नसतात. दिसायचा असतो एक सलग, पायापाशी निमुळता आकार, जो मंचावरून सरकत जातो. म्हणून कापड ताठ लागतं. मऊ, झुळझुळीत रेशमात हे होणारच नाही. साठ वर्षांच्या पुरुषाने सोळा वर्षांची मुलगी करावी आणि ती पटावी, यात अर्धं श्रेय या ताठपणाला आहे.

नेसण्याच्या पद्धतीने अर्थ बदलतो. काराओरी सरळ खाली सोडली तर साधी स्त्री. उजवी बाही उतरवून मागे टाकली तर मन थाऱ्यावर नसलेली, मुलाच्या किंवा प्रियकराच्या शोधात भटकणारी. कमरेशी उचलून खोचली तर बाहेर पडलेली किंवा उच्चकुलीन स्त्री. नुइहाकुचा वरचा भाग उतरवून कमरेभोवती गुंडाळला तर वर सुरिहाकु उघडं राहतं. वस्त्र तेच, स्थिती निराळी.

१०. हे कपडे चढवतात कसे? आणि धुतात कसे?

एकट्याने चढवता येत नाहीत. किमान दोघे, एक पुढून आणि एक मागून, नटाला सजवतात. दोऱ्यांनी बांधतात आणि जिथे घडी हलण्याची शक्यता आहे तिथे अंगावरच कच्चे टाके घालतात. प्रयोगानंतर ते उसवतात. ही माणसं बाहेरची नसतात, त्याच घराण्यातले नट असतात. आज सजवणारा उद्या सजतो. मुखवटा शेवटी, पडद्याआडच्या आरशाच्या खोलीत चढतो.

धुवायचा प्रश्नच नाही. पाणी लागलं की करडईचा लाल, वर्ख आणि कागदी जर, तिन्ही गेले. प्रयोगानंतर वस्त्र वाळवतात आणि घडी घालून कागदात ठेवतात. पावसाळी दमट दिवस संपले की कडक उन्हाळ्यात सगळा संग्रह बाहेर काढून सावलीत वारा देतात, म्हणजे कसर आणि बुरशी लागत नाही. क्योतोचं कोन्गो घराणं त्या निमित्ताने वस्त्रं आणि मुखवटे लोकांनाही पाहू देतं.

११. गरीब कोळी आणि भटके भिक्षूसुद्धा रेशमात? हे खटकत नाही का?

पहिल्यांदा खटकतं. पण नो दारिद्र्याची नक्कल करत नाही, त्याची फक्त खूण देतो. कोळी, मीठ काढणाऱ्या बाया, प्रवासी भिक्षू हे सगळे मिझुगोरोमो घालतात. बिनअस्तरी, साध्या विणीचं, बहुधा एकरंगी वस्त्र. काहींत बाणा मुद्दाम सरकवून विरळ-दाट पट्टे आणलेले असतात, म्हणजे कापड झिजल्यासारखं वाटतं. शेजारी काराओरी उभी असली की मिझुगोरोमो आपोआप फाटकं दिसतं.

१२. एका प्रयोगात मंचावर नुसतं वस्त्र पसरलेलं होतं. ते उचलायला कुणी विसरलं का?

नाही, ती नायिका होती! तुम्ही ‘आओइ नो उए’ पाहिलंत. ‘गेन्जीच्या कथे’चा नायक गेन्जी, त्याची आजारी पत्नी आओइ या नाटकात नट म्हणून येतच नाही. मंचाच्या पुढच्या कडेला घडी घातलेलं कोसोदे ठेवतात आणि गेन्जीची प्रेयसी रोकुजो हिचा मत्सरी आत्मा त्याच्यावर पंख्याने प्रहार करतो.

वस्त्रावर उभी असलेली नाटकं आणखीही आहेत. ‘हागोरोमो’मध्ये मिहोच्या पाइनवनात कोळ्याला स्वर्गकन्येचं पिसांचं वस्त्र सापडतं. ते परत मिळेपर्यंत ती उडू शकत नाही. पिसांचं म्हणून मंचावर बहुधा चोकेन येतं आणि शिते ते प्रेक्षकांसमोरच चढवतो. ‘मात्सुकाझे’मध्ये सोडून गेलेल्या युकिहिराचा अंगरखा आणि टोपी घालून नायिका त्याच्याशी एकरूप होते. कपाटातला नवऱ्याचा शर्ट हुंगणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१३. कोणत्या प्रयोगात काय घालायचं हे कोण ठरवतं?

कानझे, होशो, कोम्पारु, कोन्गो आणि किता या पाच शिते-परंपरांकडे प्रत्येक भूमिकेचे वस्त्रनियम आहेत. नियम प्रकार सांगतो: अमुक भूमिकेला लालवाली काराओरी. पण संग्रहातल्या पंधरा-वीस लालवाल्या काराओऱ्यांतून नेमकी कोणती, हे शिते ठरवतो. मुखवटा कोणता निवडला, ऋतू कोणता, भूमिका कशी दिसते आहे, त्यावर ते अवलंबून. नोमध्ये वेगळा वेशभूषाकार नसतो.

१४. इतकी जुनी वस्त्रं जगभरच्या संग्रहालयांत कशी पोचली?

१८६८ नंतर सरदारशाही गेली आणि नोचा आश्रय एका फटक्यात आटला. नटांनी आणि घराण्यांनी वस्त्रं विकली. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातला मोठा भाग विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी त्याच काळात जमवलेल्या वस्तूंचा आहे. काही वस्त्रांचे तुकडे करून विकले गेले.

विणकरही अडचणीत होते. क्योतोच्या निशिजिन पेठेतून १८७२ मध्ये तिघांना फ्रान्समधल्या लियोंला पाठवलं गेलं, जकार्ड माग शिकायला. ती यंत्रं आली आणि मागावरचा तो माथ्यावर बसणारा माणूस कायमचा खाली उतरला. निशिजिनमध्ये नोसाठी काराओरी अजून विणली जाते, पण ते विणकाम आता मोजक्या हातांत आहे.

१५. काबुकी आणि क्योगेनचे कपडेही हेच का?

नाही. क्योगेन ही नोच्या बरोबरीने होणारी विनोदी नाटिका. तिचे नोकर-चाकर ताठ खांद्यांचं तागाचं ‘कातागिनु’ घालतात आणि त्याच्या पाठीवर मुळा, ससा, गोगलगाय असलं काहीही ढोबळ रंगवलेलं असतं. मला स्वतःला ते नोच्या सोन्याइतकंच आवडतं.

काबुकी शहरी व्यापाऱ्यांची. तिथे कपडा धक्का द्यायला असतो: टाचलेले दोरे ओढले की वरचा थर क्षणात गळून आतला रंग उघडा पडतो. नोची कथा उचलून केलेल्या काबुकी नाटकांत (१८४० चं ‘कान्जिन्चो’ हे त्यातलं गाजलेलं) नोसारखे दिसणारे कपडे येतात, पण मुखवटे नाहीत.

१६. लिलावात ‘जुनं नो वस्त्र’ म्हणून काराओरी विकायला आहे. घ्यावी का?

विणीवरून ठरवू नका. काराओरी वीण लग्नातल्या उचिकाकेला (नवरीच्या वरच्या झग्याला) आणि कमरपट्ट्यांनाही वापरतात. आधी खालची कड बघा: कापूस भरून गोल फुगवलेली असेल तर ती नवरीची उचिकाके. बाही गुडघ्यापर्यंत लोंबत असेल तरी नो नाही. खऱ्या वापरलेल्या वस्त्रात गळ्याशी, कमरेशी टाक्यांच्या खुणा दिसतात (प्रश्न १०). जर भिंगाखाली बघा. कडेला कागद दिसला तर आशा आहे, चकचकीत प्लास्टिकसारखी फिल्म दिसली तर नाही. आणि कितीही स्वस्त मिळालं तरी भिंतीवर उन्हासमोर टांगू नका. संग्रहालयं अशा रेशमावर जेमतेम ५० लक्स उजेड पडू देतात.

१७. जपानला जाते आहे. कुठे पाहू?

प्रयोगासाठी तोक्योच्या सेन्दागायातलं राष्ट्रीय नो नाट्यगृह. तिथे प्रत्येक आसनाला जपानी-इंग्रजी संवाद दाखवणारा छोटा पडदा आहे. वस्त्रं जवळून पाहायला तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय, ओवारी तोकुगावा घराण्याचा संग्रह असलेलं नागोयातलं तोकुगावा कला संग्रहालय आणि इकेदा घराण्याचा ठेवा असलेलं ओकायामातलं हायाशिबारा संग्रहालय. रेशीम सतत मांडून ठेवत नाहीत, आलटून पालटून काढतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या महिन्यात काय मांडलं आहे ते संकेतस्थळावर बघून घ्या. नाट्यगृहात प्रयोग चालू असताना फोटो काढता येत नाहीत.